कर्सर नाचतोय? जुन्या डेस्कटॉपचा माऊस ताळ्यावर आणण्याची पद्धत

गुरुजींचा फोन आला तेव्हा दुपारचे तीन वाजून गेले होते. "अरे, हा बाण वेड्यासारखा करतोय. हात लावला नाही तरी थरथरतो, मधूनच उडून कोपऱ्यात जातो. दोन पानं पुसली गेली माझी." निवृत्तीनंतर गुरुजी गावातल्या देवस्थानाचे जुने कागद मोडीतून देवनागरीत टाइप करून ठेवताहेत. रोज दोन-तीन पानं. त्यांचा डेस्कटॉप २०१० च्या सुमाराचा, विंडोज ७ चा. मी गेलो, दहा मिनिटं पाहिलं, व्हायरस असणार असं ठरवलं आणि अख्खी विंडोज पुन्हा टाकली. चार तास गेले. दुसऱ्या दिवशी तीनच्या सुमाराला बाण पुन्हा नाचायला लागला. दोष विंडोजमध्ये नव्हताच. तो निघाला भिंतीतल्या सॉकेटमध्ये.

त्या दिवसापासून मी एक क्रम ठरवून घेतला आणि तो आजतागायत मोडलेला नाही. माऊस नाचतो म्हटलं की लोक एक तर नवा माऊस आणतात, नाही तर मशीन फॉरमॅटला देतात. दोन्ही करण्याआधी कर्सर कसा नाचतोय ते नीट पाहा. तो जागच्या जागी थरथरतोय, उड्या मारतोय, अडकत अडकत चालतोय की एकाच बाजूला ओढला जातोय, यावरून निम्मं निदान तिथेच होतं. जुन्या डेस्कटॉपमध्ये ही चारही दुखणी असतात आणि चारहींची कारणं वेगळी आहेत.

आधी काम वाचवा

कर्सर नाचत असताना माऊसने काही वाचवायला जाऊ नका. भलत्याच ठिकाणी क्लिक होतं. कंट्रोल आणि एस दाबून फाईल सेव्ह करा. ऑल्ट आणि टॅबने दुसऱ्या खिडकीत जा, तिथलंही सेव्ह करा. ऑल्ट आणि एफ ४ ने खिडकी बंद होते. सगळ्या खिडक्या बंद झाल्यावर पुन्हा ऑल्ट-एफ ४ दाबलं की शटडाऊनची चौकट येते.

मग की-बोर्डलाच माऊस करा. ही सोय विंडोजमध्ये कित्येक वर्षांपासून आहे, पण फार थोड्यांना माहीत असते. डावीकडचा ऑल्ट, डावीकडचा शिफ्ट आणि नमलॉक या तीन कळा एकत्र दाबा. एक चौकट येईल, एंटर मारा. आता उजवीकडच्या आकड्यांपैकी ८ ने बाण वर, २ ने खाली, ४ ने डावीकडे आणि ६ ने उजवीकडे जातो. ५ म्हणजे क्लिक, अधिकचं चिन्ह म्हणजे डबल क्लिक. बाण हलला नाही तर नमलॉकचा दिवा चालू आहे का ते बघा. त्याच तीन कळा पुन्हा दाबल्या की ही सोय बंद होते.

आता माऊसची पिन काढा (गोल पिन असेल तर आधी मशीन बंद करा, पिन काढा आणि मग चालू करा) आणि दोन मिनिटं नुसतं पाहत बसा. माऊस जोडलेलाच नसताना बाण आपोआप हलत असेल, तर माऊस निर्दोष आहे. मग संशय दोघांवर: जोडलेलं दुसरं एखादं यंत्र (चित्र काढायची पेन-पाटी, गेम खेळायची जुनी जॉयस्टिक, विसरून राहिलेला वायरलेस माऊसचा डोंगल, म्हणजे यूएसबीत खोचलेला त्याचा छोटा तुकडा) किंवा लांबून कोणी तरी मशीन चालवत असणं. त्याबद्दल पुढे सांगतो. बाण शांत राहिला आणि आकड्यांच्या कळांनी सरळ चालला, तर दोष माऊस, त्याची वायर, पोर्ट किंवा वीज यांपैकी कशात तरी आहे. आणि कळांनी चालवतानाही बाण अडखळला, तर मशीनच धापा टाकतंय.

पेंटमध्ये एक रेघ

मला सगळ्यात उपयोगी पडलेली चाचणी ही. माऊस परत जोडा, गोल पिन असेल तर मशीन बंद करूनच. विंडोजची कळ आणि आर एकत्र दाबा, येणाऱ्या चौकटीत एम-एस-पी-ए-आय-एन-टी ही अक्षरं टाइप करून एंटर मारा. पेंट उघडेल. पेन्सिल निवडा. टेबलावर फूटपट्टी आडवी ठेवा, माऊसची कड तिला टेकवा आणि बटण दाबून ठेवून माऊस पट्टीच्या कडेने सावकाश डावीकडून उजवीकडे न्या. मग पट्टी उभी ठेवून वरून खाली तसंच करा.

आता रेघ वाचा. रेघेला बारीक केस फुटल्यासारखे दिसत असतील, बटण दाबून माऊस स्थिर ठेवला तरी एका जागी शाईचा डाग पडल्यासारखं होत असेल, तर सेन्सर किंवा टेबलाचा पृष्ठभाग. रेघ सुरुवातीला छान आणि मग एकदम कोपऱ्याकडे तीर सुटल्यासारखी गेली, तर वायर किंवा पोर्ट. मऊ रेघेच्या जागी सरळ-सरळ तुकडे जोडल्यासारखे दिसले, तर मशीन मधेमधे थांबतंय. आडवी रेघ चांगली येते पण उभी येतच नाही, असं झालं तर तुमच्याकडे गोळीचा जुना माऊस असणार आणि त्यातला एक रूळ मळलेला असणार.

ही रेघ सेव्ह करून ठेवा. प्रत्येक उपायानंतर नवी रेघ मारून शेजारी ठेवली की फरक पडला की नाही याचा वाद उरत नाही. आणि एका वेळी एकच गोष्ट बदला. माऊस, पोर्ट आणि चटई एकदम बदलली आणि दुखणं गेलं, तर ते कशाने गेलं हे कधीच कळत नाही. मग महिन्याभराने ते परत येतं.

माऊसच्या खाली काय आहे

आज बहुतेकांकडे लाल उजेडाचा ऑप्टिकल माऊस असतो. १९९९ नंतर हे माऊस घराघरात आले. त्याच्या पोटात एक इवलासा कॅमेरा असतो. साध्या माऊसमधला हा कॅमेरा सेकंदाला दीड हजारांच्या आसपास फोटो काढतो आणि आधीच्या फोटोतली खूण पुढच्या फोटोत किती सरकली यावरून माऊस किती हलला ते मोजतो. लाल दिवा मुद्दाम तिरका बसवलेला असतो. संध्याकाळच्या तिरक्या उन्हात मैदानावरचा खडा न् खडा सावलीमुळे उठून दिसतो, तसंच आहे हे. पृष्ठभागावरच्या बारीक खडबडीच्या सावल्या पडल्या तरच कॅमेऱ्याला मोजायला काही सापडतं.

म्हणून काचेच्या टेबलावर हा माऊस हमखास नाचतो. गुळगुळीत ग्रॅनाइट, चकचकीत सनमायका, प्लास्टिकचं पारदर्शक टेबलक्लॉथ यांवरही तेच. आणखी एक फसवी गोष्ट म्हणजे बारीक ठिपक्यांची छपाई. एकसारखी नक्षी असली की एक ठिपका कुठला आणि दुसरा कुठला हे कॅमेऱ्याला ओळखता येत नाही, आणि बाण मागे-पुढे उड्या मारतो. माऊसपॅडवर गुळगुळीत छापलेलं चित्र असलं तरी हे होऊ शकतं. खिडकीतून थेट ऊन माऊसवर पडत असेल तर तेही आत शिरून त्रास देतं, विशेषतः ज्या माऊसचं कवच अर्धपारदर्शक असतं त्यांना.

उपाय फुकट आहे. एक पांढरा कोरा कागद, साधा झेरॉक्सचा, टेबलाला चिकटपट्टीने चारही बाजूंनी लावा आणि त्यावर माऊस चालवा. पेंटमधली रेघ सुधारली तर प्रश्न मिटला. आमच्या वाचनालयात सहा मशीनं आहेत. टेबलांवर काच टाकली त्या आठवड्यात चार माऊस "बिघडले" होते. चारही अजून चालू आहेत, कागदावर.

सेन्सर साफ करणं

मशीन बंद करा, माऊस काढा, उलटा करा. तळाला एक खळगा असतो आणि त्यात पारदर्शक प्लास्टिकचं भिंग. मोबाईलच्या टॉर्चच्या उजेडात त्यात बघा. मला तिथे मांजराचा केस, शालीचा धागा, पापडाचा कण, एकदा मेलेली लाल मुंगीही मिळाली आहे. कॅमेऱ्यासमोर एक केस हलत असला तरी माऊस टेबलावर शांत असताना बाण थरथरतो, कारण कॅमेऱ्याला काहीतरी हलताना दिसतंय आणि तो ते प्रामाणिकपणे कळवतोय.

कापसाने पुसू नका. कापसाचा तंतूच आत राहतो आणि दुखणं वाढतं. जलरंगाचा कोरडा, मऊ ब्रश घ्या आणि खळग्यात हलकेच फिरवून माऊस हातावर आपटा. त्यानेही चिकट थर गेला नाही तर औषधाच्या दुकानात आयसोप्रोपिल अल्कोहोल मिळतं, त्यात गच्च पिळाची इअरबड किंचित ओली करून एकदाच फिरवा आणि पाच मिनिटं वाळू द्या. थिनर किंवा नेलपॉलिश रिमूव्हर चुकूनही नको, भिंग धुरकट होतं आणि मग तो माऊस गेलाच.

तळाच्या चार गुळगुळीत पट्ट्याही बघा. त्यांच्या कडेला काळा मळ साठतो, त्यामुळे माऊस एका बाजूला उचलला जातो आणि भिंगाचं टेबलापासूनचं अंतर बदलतं. हे अंतर मिलिमीटरभर चुकलं तरी माऊस डगमगतो. नखाने मळ खरवडून काढा.

काही माऊसच्या तळाला उजेड दिसतच नाही. ते लगेच बिघडलेले समजू नका, त्यात डोळ्याला न दिसणारा इन्फ्रारेड दिवा असतो. मोबाईलच्या सेल्फी कॅमेऱ्यातून बघितलं तर बहुतेक वेळा फिकट जांभळा ठिपका दिसतो.

गोळीचा माऊस अजून असेल तर

शाळांमध्ये, पतपेढ्यांच्या अडगळीत हे अजून सापडतात. तळाची गोल झाकणी बाणाच्या दिशेने फिरवली की निघते आणि रबराचा जड गोळा हातात येतो. आत तीन रूळ दिसतील: एक आडव्या हालचालीचा, एक उभ्या हालचालीचा आणि तिसरा स्प्रिंगवरचा, जो गोळा नुसता दाबून धरतो. पहिल्या दोन रुळांच्या मधोमध काळ्या राखाडी मळाचं वेटोळं बसलेलं असतं, बांगडीसारखं. दात कोरायच्या काडीने ते आडवं ढकला, अख्खं कडं सुटून येतं. तुकडे आत पडू देऊ नका, माऊस उलटाच धरून काम करा. गोळा साबणाच्या पाण्याने धुवा, पूर्ण वाळवा, परत बसवा. अर्ध्याहून जास्त वेळा एवढंच पुरतं.

वायर

वायरवाल्या माऊसमध्ये वायर तुटते ती जवळजवळ नेहमी एकाच ठिकाणी: माऊसच्या तोंडाशी, पहिल्या दोन-तीन सेंटिमीटरमध्ये. तिथे ती रोज शेकडो वेळा वाकते. बाहेरचं रबर शाबूत असतं, आतली केसासारखी तार तुटलेली असते आणि हात हलला की टोकं जुळतात, सुटतात.

ओळखायची पद्धत सोपी. माऊस टेबलावर सोडून द्या, एका हाताने त्याचं तोंड धरा, दुसऱ्या हाताने वायर सेंटिमीटर-सेंटिमीटर पुढे जात हलकेच वाकवा. लाल दिवा लुकलुकला, किंवा यूएसबी माऊस असेल तर स्पीकरमधून यंत्र जोडल्या-सुटल्याचा आवाज आला, की जागा सापडली. तिथे पेनाने खूण करा.

डाख द्यायची इस्त्री (सोल्डरिंग आयर्न) वापरता येत असेल तर दुरुस्ती अर्ध्या तासाची आहे. माऊसचा स्क्रू बहुधा मागच्या स्टिकरखाली किंवा तळपट्टीखाली लपलेला असतो. उघडल्यावर सगळ्यात आधी फोटो काढा. आतल्या छोट्या प्लगमध्ये कुठल्या रंगाची तार कुठे आहे हे त्या फोटोशिवाय नंतर आठवत नाही. यूएसबीत साधारणपणे लाल म्हणजे पाच व्होल्ट, काळी म्हणजे ग्राउंड, पांढरी आणि हिरवी माहितीच्या तारा. पण स्वस्त माऊसमध्ये रंग काहीही असू शकतात, म्हणून फोटोवरच विश्वास ठेवा. खुणेच्या पुढे-मागे मिळून चार-पाच सेंटिमीटर वायर कापून टाका आणि रंगाला रंग जोडा. चारही जोड एकाच रेषेत देऊ नका, पायरीपायरीने मागे-पुढे द्या, म्हणजे ते एकमेकांना चिकटत नाहीत. प्रत्येकावर स्लीव्ह चढवा. हे जमणारं नसेल तर साधा यूएसबी माऊस अडीचशे-तीनशे रुपयांत येतो, संकोच करू नका.

गोल पिन आणि चपटी पिन

जुन्या डेस्कटॉपच्या मागे दोन गोल सॉकेटं असतात, एक हिरवं आणि एक जांभळं. यांना पीएस/२ म्हणतात. आयबीएमने १९८७ मध्ये त्याच नावाच्या संगणकाबरोबर ती आणली. हिरवं माऊसचं, जांभळं की-बोर्डचं. बाण अचानक कोपऱ्यात उडणं, आपोआप मेनू उघडणं, न दाबता क्लिक होणं हे सगळं या गोल पिनेच्या माऊसमध्ये फार दिसतं आणि त्याचं कारण समजून घेण्यासारखं आहे.

साधा पीएस/२ माऊस दर वेळी तीन आकडे पाठवतो: बटणं कोणती दाबली आहेत, आडवा किती सरकला, उभा किती सरकला. चाकाचा माऊस असेल तर चौथा आकडा चाकाचा. पिन सैल असल्यामुळे यातला एक आकडा वाटेत हरवला, की मशीन पुढचे सगळे आकडे एक घर चुकून वाचतं. आडव्या हालचालीचा आकडा त्याला बटणाचा वाटतो. मग माऊस जरा हलवला की क्लिक होतात, मेनू उघडतात, बाण भिरभिरतो. पाहणाऱ्याला वाटतं भूत शिरलंय, आणि खरं तर फक्त मोजणी एका घराने सरकलेली असते. लिनक्सवाल्यांना हे लवकर कळतं, कारण तिथे माऊसचा मेळ सुटल्याची नोंद यंत्रणा स्वतःच लॉगमध्ये करते.

मशीन बंद करा. पूर्ण बंद, कारण गोल पिन चालू मशीनमध्ये काढाय-घालायची नसते, त्याने मदरबोर्डचा, म्हणजे आतल्या मुख्य सर्किटच्या पाटीचा, तो भाग जाऊ शकतो. पिनेत बघा: सहा बारीक काड्या आणि एक प्लास्टिकची पट्टी. एखादी काडी वाकली असेल तर लीड पेन्सिलीचं रिकामं धातूचं टोक तिच्यावर घालून हळूच सरळ करा. समुद्राजवळच्या गावांत काड्यांवर हिरवट थर चढतो, तो अल्कोहोल लावलेल्या बडने पुसा. पिन सरळ, घट्ट बसवा आणि मगच मशीन चालू करा. एकच की-बोर्ड-माऊस दोन मशीनना जोडणारा डबा मध्ये असेल तर तो काढून थेट जोडून बघा. हा मेळ बिघडवण्यात तो डबा पटाईत असतो.

यूएसबी माऊस असेल तर कॅबिनेटच्या पुढच्या बाजूचं पोर्ट सोडा आणि मागच्या पोर्टात लावा. मागची पोर्टं थेट मदरबोर्डवर बसवलेली असतात. पुढची आतून एका लांब वायरने आलेली असतात, आणि दहा-पंधरा वर्षांत ती वायर आणि ते पोर्ट दोन्ही ढिली होतात. पेनड्राइव्ह घालून-काढून त्यांची पकड गेलेली असते.

वायरलेस माऊसबद्दल थोडक्यात. आधी सेल बदला. मग डोंगल कॅबिनेटच्या मागे लोखंडी पत्र्याआड असेल तर यूएसबीची छोटी एक्स्टेन्शन वायर लावून तो टेबलावर आणा. निळ्या रंगाच्या यूएसबी ३ पोर्टच्या अगदी शेजारी ठेवू नका, त्या पोर्टातून निघणारी गडबड डोंगलच्या २.४ गिगाहर्ट्‌झच्या लहरींत मिसळते.

अर्थिंग, ज्याकडे कोणी बघत नाही

आता गुरुजींच्या घराकडे येतो. मी दुसऱ्यांदा गेलो तेव्हा पायात चप्पल नव्हती. कॅबिनेटच्या मागच्या पत्र्याला हात लागला आणि बोटांना मुंग्या आल्या. गुरुजी म्हणाले, "ते पहिल्यापासूनच आहे, जरासं टोचतं." टेस्टर लावला, लागला.

डेस्कटॉपच्या एसएमपीएसमध्ये, म्हणजे कॅबिनेटमधल्या वीजपुरवठ्याच्या डब्यात, विजेतली गडबड गाळणारे दोन छोटे कपॅसिटर असतात. ते ती गडबड पत्र्यामार्फत अर्थिंगच्या तारेतून जमिनीत सोडतात. अर्थिंगच नसेल तर गडबड जाणार कुठे? ती पत्र्यावरच राहते. दोन कपॅसिटरच्या मधोमध लटकल्यामुळे पत्रा २३० च्या निम्म्यावर, म्हणजे ११५ व्होल्टच्या आसपास तरंगतो. प्रवाह अगदी थोडा असल्यामुळे जोराचा झटका बसत नाही, नुसत्या मुंग्या येतात, म्हणून लोक वर्षानुवर्षं चालवून घेतात. पण एवढ्या अस्थिर पायावर माऊसचे पाच व्होल्ट उभे असतात. शेजारच्या वाड्यात रोज तीनच्या सुमाराला विहिरीवरचा पंप चालू व्हायचा. त्या धक्क्याची गडबड थेट गुरुजींच्या माऊसपर्यंत यायची.

तपासायचं असं. टेबलाजवळचा एक्स्टेन्शन बोर्ड बघा: त्याची पिन दोन काड्यांची आहे का? असेल तर पुढच्या तीन भोकांना काही अर्थ नाही. तीन काड्यांची असेल तर मोठी काडी तुटलेली नाही ना बघा. भिंतीतल्या सॉकेटचं काम मात्र इलेक्ट्रिशियनकडूनच करून घ्या. त्याने मल्टिमीटर लावल्यावर फेज आणि अर्थमध्ये २३० च्या आसपास, आणि न्यूट्रल-अर्थमध्ये थोडेच व्होल्ट दिसायला हवेत. गुरुजींच्या सॉकेटच्या अर्थच्या भोकामागे तारच नव्हती. घराच्या अर्थिंगचा खड्डाही कोरडा पडलेला. आमच्याकडे जांभा, उन्हाळ्यात जमीन कोरडी ठाक, त्यामुळे मार्च ते मे खड्ड्यात अधूनमधून बादलीभर पाणी ओतावं लागतं.

एक गोष्ट कळकळीने सांगतो. काही जण खड्डा न करता सॉकेटमध्येच न्यूट्रलला अर्थची तार जोडून देतात. मुंग्या लगेच थांबतात, माऊसही शांत होतो. पण ज्या दिवशी न्यूट्रल कुठे तरी तुटेल, त्या दिवशी कॅबिनेटच्या पत्र्यावर पूर्ण २३० व्होल्ट येतील आणि हात लावणारा माणूस जागेवरून उठणार नाही. हे कोणी तुमच्याकडे केलं असेल तर आजच काढून घ्या.

विजेचा दुसरा भाग एसएमपीएसचं वय. मल्टिमीटर हाताळता येत असेल तर आतल्या मोठ्या चार काड्यांच्या प्लगवर लाल आणि काळ्या तारेत मोजा: ४.७५ ते ५.२५ व्होल्टच्या आत असायला हवं. खाली गेलं असेल तर एसएमपीएस बदला. मदरबोर्डवरचे उभे कपॅसिटरही बघा, डोकं सपाट हवं. फुगलेलं असेल, वर तपकिरी पापुद्रा असेल, तर दुरुस्तीवाल्याकडे न्या. २००० नंतरच्या पाच-सात वर्षांतल्या बोर्डांमध्ये हे खूप दिसतं.

मशीनच धापा टाकत असेल तर

रेघ तुकड्यातुकड्यांची आली असेल तर कंट्रोल, शिफ्ट आणि एस्केप दाबून टास्क मॅनेजर उघडा. सीपीयू सतत १०० टक्क्यांजवळ असेल तर कोणता प्रोग्रॅम खातोय ते यादीत दिसतं. कॅबिनेट उघडून पंख्याखालची जाळी बघा. तिथे धुळीची गादी बसली असेल तर प्रोसेसर तापून स्वतःच मंद होतो. मशीनची पिन काढून ब्रशने साफ करा.

बाण दोन-तीन सेकंद थिजतो, मग एकदम उडी मारून पुढे जातो आणि त्याच वेळी आतून टक-टक आवाज येतो, असं असेल तर माऊस विसरा. हार्ड डिस्क जातेय. आधी सगळं काम पेनड्राइव्हवर उतरवून घ्या, बाकी सगळं नंतर.

विंडोज एक्सपीवर चालणारी मशीनं अजून हिशेबाच्या कामाला आहेत, त्यांच्यासाठी एक खास जागा सांगतो. रुंद पट्टीसारख्या वायरने जोडलेल्या जुन्या हार्ड डिस्कवर वाचताना वारंवार चुका झाल्या, की एक्सपी हळूहळू वेगवान डीएमए पद्धत सोडून जुन्या पीआयओ पद्धतीवर उतरते. मग डिस्कवरचं प्रत्येक वाचन प्रोसेसरला हाताने करावं लागतं आणि तेवढा वेळ बाण अडकतो. माय कॉम्प्युटरवर उजवी क्लिक, प्रॉपर्टीज, हार्डवेअर, डिव्हाइस मॅनेजर, त्यात आयडीई कंट्रोलरखाली प्रायमरी आयडीई चॅनल, अॅडव्हान्स्ड सेटिंग्ज. तिथे सध्याची पद्धत पीआयओ दिसली तर तो चॅनल अनइन्स्टॉल करून मशीन पुन्हा चालू करा, विंडोज तो स्वतःच नव्याने बसवते. आणि रुंद पट्टी बदला, कारण चुका बहुधा तिच्यामुळेच होतात.

विंडोज नव्याने टाकली आणि ग्राफिक्सचा ड्रायव्हर टाकायचा राहिला, तरी बाण मागे शेपूट ओढत चालतो. ड्रायव्हर टाकला की थांबतं.

सेटिंग आणि परका हात

विंडोज-आर दाबून एम-ए-आय-एन, टिंब, सी-पी-एल टाइप केलं की माऊसची चौकट येते. पॉइंटर ऑप्शन्समध्ये वेगाचा काटा मधोमध ठेवा. खालची एन्हान्स पॉइंटर प्रिसिजन ही खूण काढून बघा. ती असताना हात जोरात फिरला की बाण जास्तच पुढे जातो, आणि काहींना तेच नाचणं वाटतं. स्नॅप टूची खूण असेल तर प्रत्येक चौकटीत बाण आपोआप बटणावर उडी मारतो, तीही काढा.

यूएसबी माऊस थोडा वेळ न वापरल्यावर पहिल्या हालचालीला अडकत असेल, तर डिव्हाइस मॅनेजरमध्ये यूएसबी रूट हबवर डबल क्लिक करा आणि पॉवर मॅनेजमेंटमधली वीज वाचवण्यासाठी बंद करण्याची खूण काढा. जितके हब दिसतील तितक्यांची.

आणि शेवटी तो दुसरा संशय: लांबून कोणी तरी मशीन चालवत असणं. बिघडलेला माऊस उगाच थरथरतो, त्याला दिशा नसते. पण बाण शांतपणे, ठरवून एखाद्या फाईलवर गेला, ती उघडली, बँकेचं पान उघडायला लागला, तर तो माणूस आहे. इंटरनेटची वायर त्याच क्षणी उपटा. फोनवर कोणाच्या सांगण्यावरून स्क्रीन दाखवणारं अॅप घेतलं होतं का ते आठवा. पैसे गेले असतील तर १९३० या सायबर गुन्ह्यांच्या हेल्पलाइनला लगेच फोन करा, बँकेलाही कळवा. पासवर्ड दुसऱ्या यंत्रावरून बदला.

एवढं करूनही

दुसऱ्याचा चालता माऊस, मागचं पोर्ट, पांढरा कागद, ठीक अर्थिंग, आणि तरीही रेघ वाकडी? मग लिनक्स मिंटसारखी एखादी प्रणाली पेनड्राइव्हवर घेऊन, काही इन्स्टॉल न करता, तिच्यावरून मशीन चालू करा. तिथे बाण सरळ चालला तर दोष विंडोजमध्ये आहे. माझ्याकडून गुरुजींच्या घरी घाईत झालं ते फॉरमॅट करायची वेळ आता आली, काम उतरवून घेऊन खुशाल करा.

तिथेही नाचला तर मदरबोर्डचं यूएसबी खराब झालंय. त्यासाठी मशीन टाकायची गरज नाही. कॅबिनेटमध्ये पांढऱ्या लांब खाचा असतील, तर त्या पीसीआयच्या आहेत आणि त्यात बसणारं यूएसबीचं कार्ड जुन्या सामानाच्या दुकानात थोडक्यात मिळतं. मशीन बंद करून, हात पत्र्याला लावून स्थिर वीज सोडून, कार्ड खाचेत सरळ दाबा, स्क्रू आवळा, माऊस त्या कार्डात लावा. वाचनालयातलं तिसऱ्या नंबरचं मशीन तीन वर्षं त्यावरच चाललंय.